पलीकडच्या पारीवरचा राखणदार

फेब्रुवारी १९८७, सोमवार, सकाळ. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, हजर: मच्छीमार सोसायटीचा सचिव म्हणून मी, आमचे सात सभासद आणि दोन पाहुणे. एक नेपाळचा, दुसरा बिहारचा. एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवरच्या मच्छीमारांचे हे पुढारी. गैरहजर: शेजारच्या गावचे सगळे.

ती गैरहजेरी माझ्यामुळे होती.

आमचा तलाव दोन गावांच्या शिवेवर आहे. मासे दोघांचे, जिरे म्हणजे माशांची बारीक पिल्लेही दोघे मिळून सोडतो. राखणीची रीत जुनी: आमच्या पारीवर त्यांचा माणूस, त्यांच्या पारीवर आमचा. स्वतःच्या भाच्याचे चोरटे जाळे ओढायला कोणाचा हात उठत नाही, परगावच्याचा उठतो. जेवण मात्र ज्याची पार त्या गावाने द्यायचे.

पाहुणे हेच बघायला आले होते. त्यांच्या नदीवर दोन्ही काठ एकमेकांची जाळी जप्त करत, त्या साली तर मासेमारीच बंद पडली होती. इथून काही हाती लागले नसते तर पुढचा हंगामही गेला असता.

मी तयारीची यादी केली होती: पार झाडणे, खुर्च्या, चहा. चौथ्या ओळीत लिहिले, त्या दिवसापुरते आमच्या पारीवर आपलेच राखणदार, धुतलेल्या कपड्यांत. त्यांच्या म्हाताऱ्या राखणदाराला निरोप धाडला, ‘आज सुट्टी घ्या.’ ऐकून अख्खे गाव रुसले.

मी डोंग्यात बसलो, पाहुणेही बसले. पलीकडच्या गावात म्हातारा राखणदार आपल्या ओसरीवर जाळे विणत होता.

“काका, चला ना. पाहुणे आले.”

“कायले? मी चोर आहो काय?”

“चुकलं माझं. मले वाटलं, नीटनेटकं दिसल.”

“अकरा वर्सं तुमच्या पारीवर बसलो. तुमच्या घरची भाजी खारट रायते, तरी एका शब्दानं बोललो नाही.”

“बोलले नाही?” आतून काकू म्हणाल्या. “रोज येऊन मलेच सांगतेत!”

पाहुणे हसले. नेपाळच्या पाहुण्याने हिंदीत विचारले, कोणी सापडला तर काय करता?

“पयले जाळं घेतो. मंग त्याच्याच घरी जेवाले जातो. वाढतावाढता त्याची मान खाली होते.”

बिहारचा पाहुणा नेपाळवाल्याकडे वळला. “तुमच्याकडे मासळी मोहरी वाटून करतात का?”

“हो.”

“मग तुमच्या काठावर राखणीला माझा माणूस पाठवतो.”

काकांनी सदरा चढवला आणि आमच्या पारीवर येऊन बसले. आमचे दोघे राखणदार धुतल्या कपड्यांत पलीकडच्या पारीवर गेले.

दिवाळीनंतर पाहुण्यांचे पत्र आले, खाली दोघांच्याही सह्या. राखणदारांची अदलाबदल झाली होती, जाळी पुन्हा पाण्यात पडली होती आणि मासळी दोन्हीकडच्या बाजारांत जात होती. शेवटी एक प्रश्न होता: पुरात नदीने पात्र बदलले आणि काठच सरकला, तर राखण कोणाची?

आमचा तलाव जागचा हलत नाही. मी काकांना पत्र वाचून दाखवले.

“नदी पाह्यल्याबिगर काय सांगू, बाबू? घेऊन चाल.”

त्याच दिवशी वहीत लिहिले: काकांना नदी दाखवायला नेणे. त्या ओळीपुढे खूण करायची अजून राहिली आहे.