आवाज असलेली एकच डिस्क

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ मशीन चालवलं आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा. मुलीच्या पहिल्या पावलापासून लग्नापर्यंत एकतीस डिस्क भरल्या. कॅमेरा ह्यांच्याच हातात, त्यामुळे एकाही डिस्कमध्ये हे दिसत नाहीत. निदान आवाज तरी? तोही नाही! स्वतःची बडबड आवडेना, म्हणून हौसेने सगळीकडे बोलणं पुसून संगीत चढवलेलं. एक डिस्क तेवढी आळसापायी तशीच राहिली.

पाच वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि ह्यांचा आवाज कायमचा गेला. नात त्यानंतरची. "आजोबा बोलत का नाहीत?" असं तिने विचारलं, की हे वहीत काहीतरी लिहायचे आणि पान फाडून टाकायचे. चार वर्षांच्या पोरीला कुठलं वाचता येतंय!

म्हणून ती डिस्क काढली, तर चालेचना. वर ह्यांनीच चिकटवलेलं कागदी लेबल फुगलेलं, खाली चरेच चरे. दुरुस्तीला दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला, "काका, फेकून द्या." असा संताप आला मला! हे मात्र ती खिशात घालून घरी आले.

जावयाने जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम आणि खराब डिस्क वाचणारा एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. बाकीच्या तीस डिस्क त्यावर आठवड्यात उतरल्या. ही एक अडून बसली. काळ्या स्क्रीनवर आकडे सरकायचे, मध्येच थबकायचे. तीन दिवस हेच!

"अहो, नाद सोडा आता," मी करवादले.

ह्यांनी वहीत लिहिलं, 'किती वाचलं, किती राहिलं, सगळी नोंद प्रोग्रॅम ठेवतो. एका मशीनवर जॉब जमला नाही, तर दुसऱ्यावर लावायचा.'

जावयाकडून डिस्क वाचणारा दुसरा ड्राइव्ह आणवला. नोंद तीच, वाचायचे फक्त राहिलेले तुकडे. पहिला ड्राइव्ह जिथे अडला होता, ते तुकडे दुसऱ्याने भराभर उचलले. चौथ्या दिवशी दुपारी बाकी शून्य! हे खुर्चीतून असे उठले, की मला वाटलं, आता नाचतात.

कॉपी लावली. स्क्रीनवर मी, तरुण, तोंड फुगवून भाजी चिरतेय. आणि मागून खणखणीत आवाज, "अगं, हस की जरा! हसायला काय पैसे पडतात?"

नातीने मॉनिटरच्या मागे डोकावून बघितलं. "कोण बोललं?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. 

पोरगी ह्यांच्या मांडीवर चढली आणि हनुवटी धरून म्हणाली, "आजोबा, परत बोला ना!"

ह्यांनी मान डोलावली आणि बटण दाबलं.