तिच्या खांद्यावरचा हात

मध्यंतरी मी बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून डॉक्टरांनी हा म्हाताऱ्यांचा ऑनलाइन व्यायाम मागे लावून दिलाय. रोज सकाळी चिंचवडच्या फ्लॅटमध्ये मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवते आणि समोर खुर्ची घेऊन बसते. पडद्यावर चौकटी-चौकटीत आम्ही सगळे. माझी नजर मात्र एकीवरच, पहिल्या दिवशी 'चाकणकडची' एवढंच सांगितलेल्या एका म्हातारीवर. तिचं नाव माहीत नाही; चौकटीखाली नुसतं फोनच्या कंपनीचं नाव दिसतं.

शिकवणारी मुलगी सांगते, खुर्ची भिंतीला लावा. हिची खुर्ची कांद्याच्या गोण्यांना टेकलेली. मान फिरवा म्हटलं की ही आधी डोक्यावरचा पदर सावरते, मगच फिरवते. आणि 'उठा' म्हटलं की मागून तिच्या खांद्यावर एक हात येतो, कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मच्या बाहीतला. सून असणार. शिफ्टला निघायच्या आधी सासूला धरून उठवते. तो हात दिसला की माझ्या पोटात दुखायला लागतं. माझी मुलं बंगलोरला. माझ्या मागे भिंत.

एकदा माईक चालू असताना ती थेट मलाच म्हणाली, "ओ चष्मेवाल्या बाई, तुमचं बरं हाय. मागं कुनी न्हाई. आमची सून मला उठूच देत न्हाई, उचलूनच हुबी करती."

म्हणजे तीही माझ्यावर जळत होती! दिवसभर मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम हात न टेकता उठले, तिला दिसावं म्हणून. बसताना मात्र उगीचच थांबले, मागून कुणी धरेल म्हणून.