शून्याआधी एक उदबत्ती

भट्टीच्या दाराशी उलटा हात धरायचा, डोळे मिटायचे, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, "झाली. सोडा तूर." आमच्या डाळमिलमध्ये तूर वाळायची ती भट्टीवाल्या काकांच्या हातावर. तापमापक आहे ना, असं कुणी म्हटलं की उत्तर तयार, "त्याले काय समजते? हात सांगते ना, बावा!" तो तापमापक कित्येक वर्षं बंद होता, हे खरं. मिलचा वायरमन मीच, हेही खरं.

काका संग्रामपूरकडचे, पक्के वऱ्हाडी. आम्ही इथली देऊळगाव राजाची माणसं जालन्याकडच्या बोलीची, त्यांच्या 'मले-तुले'ला हसायचो. ते म्हणायचे, "हासा लेकहो. डाय करपली का मंग रडा."

एकदा मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडम येऊन भट्टीच्या धुराड्यात नवा सेन्सर बसवणार होत्या. "टिकला, तर तसलेच घेऊ. भट्टी आपोआप चालेल," मालक म्हणाले. "मग काका, तुम्हाला आराम." आमच्याकडे आरामाला पगार नसतो. काकांना भट्टीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि गावी भावांच्या वाटणीत त्यांच्याकडे शेतापेक्षा बांधच जास्त आला होता. ते नुसतं "हाव" म्हणाले आणि बाहेर येऊन धुराडं झाडायला लागले. पाहुणा येणार होता ना!

मॅडम आल्या. नखाएवढी चकती दाखवून त्यांनी समजावलं. सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक भयंकर तापवला की वरच्या थरातलं सिलिकॉन उडून जातं. मागे राहिलेला कार्बन त्याच स्फटिकाला धरून पापुद्रा होतो, एका अणूइतका जाड. तेच ग्राफीन. साधे सेन्सर जिथे जळून जातात तिथे हे टिकतं, वर धुरात कोणता वायू किती आहे तेही हुंगतं.

"म्हन्जे दुधाच्या गंजाले बुडाशी लागलेली खरवड!" काका म्हणाले.

मॅडम इतक्या हसल्या! "अगदी तशीच, काका. आमच्या विद्यार्थ्यांना हे समजायला महिना लागतो."

रोज सकाळी भट्टी थंड असताना सेन्सर स्वच्छ हवा हुंगून आपलं शून्य ठरवायचा. मग दिवसभराचे आकडे त्या शून्यावरून मोजले जायचे. झालं असं, की काकाही भट्टी पेटवण्याआधी तिला एक उदबत्ती लावत. पाहुण्याचा मान आधी, म्हणून आता त्यांनी ती बरोबर सेन्सरच्या खाली खोचायला सुरुवात केली. आम्हाला कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? आम्ही तर हातही जोडत होतो.

तीन-चारशे अंशांची आग पचवणारं ते यंत्र एका उदबत्तीपुढे पार भांबावलं. दिवसभर आकडे वेड्यासारखे. मॅडमचा रोज पुण्याहून फोन, आणि रोज आवाज आदल्या दिवसापेक्षा खाली. शेवटी म्हणाल्या, "आठवडाभर बघते, नाहीतर काढून नेते. तीन वर्षांचं काम होतं हो."

एका सकाळी काकांचा उदबत्तीचा पुडा संपला होता. त्या दिवशी सगळे आकडे सुतासारखे सरळ आले. मॅडमना तो योगायोग वाटला. वायरमनच्या डोक्यातसुद्धा प्रकाश पडला! काकांना मी तुरीच्या थप्पीमागे ओढलं. "काका, हे कुणाला सांगायचं नाही. आठवडाभर उदबत्ती लावत राहा. देवाचंच काम आहे, पाप थोडंच? सेन्सर गेला की तुमची भट्टी तुमची."

"हाव," काका म्हणाले. मी लगेच जाऊन त्यांना नवा पुडा आणून दिला, तोही चांगला मोठा.

आठवड्यानं मॅडम पाना घेऊन धुराड्यापाशी उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. पहिला बोल्ट सैल झाला आणि काका पुढे सरकले.

"मॅडम, काढू नका. त्याची चूक नाही. माही हाय." आणि त्यांनी खाली पडलेली राख दाखवली.

दुसऱ्या दिवशी बिनउदबत्तीची भट्टी पेटली. आकडे चोख आले. मॅडमनी काकांचे दोन्ही हात धरले, डोळे पुसले. मी दोन दिवस त्या माणसाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, त्यांच्याच भाषेत भांडलो, "काऊन सांगितलं? काऊन?"

"ते बिचारं बराबर काम करून राह्यलं होतं. त्याले खोटं पाडून मी जेवू कसा, बावा?"

मालकांनी काकांना शाल दिली, नारळ दिला, मिल म्हणजे एक कुटुंब आहे असं भाषण दिलं. त्यानंतर कुटुंबातला एक माणूस पिशवी घेऊन एसटीत बसला. मला रडू आलं, पण डोळ्यांत पाणी का म्हणून विचारलं की मी उन्हाकडे बोट दाखवलं.

पुढच्या हंगामात मॅडम नवी चकती घेऊन आल्या. काकांसाठी पेढेही आणले होते. भट्टी आपली आपण धडधडत होती.

"काका कुठे आहेत?"

"गावी. सेन्सर पास झाला, मग इथे त्यांचं काम उरलं नाही."

त्यांनी पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाल्या, "हे त्यांना माहीत होतं?"

"तुम्ही यायच्या आधीपासून," मी म्हणालो.