चोरीला गेलेले रक्त

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण चोरीला गेलेले रक्त शोधायला मात्र एकदाच निघालो. ती घटना मला आजही पुरती उलगडलेली नाही, म्हणूनच बहुधा विसरता येत नाही.

तेव्हा मी आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. दुपारी साठीला टेकलेल्या एक डॉक्टरबाई घामाघूम होऊन ठाण्यात आल्या. पुण्यात त्यांची सारी हयात वंध्यत्वावरचे उपचार आणि संशोधन यांत गेली होती. गर्भाशय काढलेल्या आमच्या भागातल्या तरुण बायका त्यांच्याकडे येत. वय तिशीचे आणि तक्रारी पन्नाशीच्या. म्हणून गर्भपिशवी काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बायकांचे रक्त तपासायचे त्यांनी ठरवले होते. गावातल्या अंगणवाडीत नमुने घेऊन झाले, बाई जेवायला गेल्या आणि तेवढ्यात नमुने ठेवलेला बर्फाचा निळा डबा गायब झाला.

ठाणे अंमलदार पेन धरून बसला. "मॅडम, मालाचा मालक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"रक्त त्या बायकांचं आहे."

"मग फिर्यादी तुमी कशा?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला तूर्त स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि तपासाला लागलो.

माझा संशय एका खासगी दवाखान्यावर होता. तिथे पिशव्या फार काढल्या जातात, असे लोक बोलत. त्यांना हे संशोधन नको असणार, असा माझा हिशेब. त्यांचा कंपाउंडर सकाळी अंगणवाडीजवळ दिसला होता. त्याला आणून दोन तास उलटसुलट विचारले. तो रडकुंडीला आला. "साहेब, मपल्या पोरीला सोडाया गेलतो. रक्त नेऊन मी काय करू?" त्याचे म्हणणे खरे निघाले. माझी गाडी अडली.

वाहनवाल्यांना डब्याचे सांगून ठेवले होते; तेवढ्यात एका काळ्या-पिवळ्या जीपवाल्याचा फोन आला. "साहेब, एक बाई निळा डबा घेऊन फाट्यावर उतरली. मासळी हाय का म्हनलं, तर बोललीच न्हाई."

महिला कॉन्स्टेबल आणि डॉक्टरबाईंना घेऊन मी फाट्यावरच्या वस्तीवर गेलो. डबा कडब्याच्या गंजीत सापडला. बर्फ वितळला होता. घरातली बाई जेमतेम अठ्ठावीसची. आम्हाला पाहताच खाली बसली.

"डबा कावून नेला?" कॉन्स्टेबलने विचारले.

"मला मपलं रगत वापस पायजे व्हतं. कोनतं मपलं ते कळंना, नुसते नंबर. मग समदंच आनलं."

हळूहळू सगळे बाहेर आले. पहिल्या नवऱ्याच्या घरी असताना पोट दुखले म्हणून तिची पिशवी काढली होती. तो वारल्यावर दुसरे लग्न झाले. पोटावरचा टाका अपेंडिक्सचा, असे तिने नव्या घरी सांगितले होते. डॉक्टरबाईंच्या कागदावरही पिशवी आहे असेच लिहून दिले होते. मग कुणीतरी म्हणाले, मशीन रक्तातून सगळे सांगते.

डॉक्टरबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "अगं, पिशवी आहे की नाही, हे या रक्तातून कळतच नाही. आणि कळलं असतं, तरी मी कुणाला सांगितलं नसतं."

 ती तोंडात पदर कोंबून रडली.

मी बाहेर आलो. नवरा शेतातून धावत आला होता. "साहेब, काय केलं हिनं?"

साधा, भला माणूस. मूल व्हावे म्हणून दर सोमवारी उपवास धरायचा, हे तिनेच आत सांगितले होते. त्याला खरे सांगावे की नाही? आणि ते सांगणारा मी कोण?

"दवाखान्याचा डबा चुकून तुमच्याकडं आला होता. नेतोय," मी म्हणालो.

गाडीत मी डॉक्टरबाईंना विचारले, "फिर्याद देणार ना? सगळे नमुने गेले तुमचे."

"नाही. दिली तर तिचं नाव लिहावं लागेल. नाव गुप्त ठेवीन, असं मी प्रत्येकीला सही करून दिलंय."

डबा मिळाला, तक्रार नाही, असा जबाब देऊन त्या गेल्या. मीही कागद तिथेच मिटवला. कायद्यात ते बसत नव्हते, हे मला ठाऊक होते.

टोळ्या गावी परतल्यावर त्या पुन्हा आल्या आणि नव्याने रक्त घेऊ लागल्या. वाटेत भेटल्या तेव्हा मी विचारले, "ती बाई आली का हो?"

त्या हसल्या. "ते तुम्हालाही सांगता येणार नाही, साहेब."

प्रत्येक गोष्ट खोदून काढायची, हीच पोलिसाची सवय. काही गोष्टी न विचारणे हेही कर्तव्यात बसते, हे मी डॉक्टरबाईंकडून शिकलो. पण अंगणात उभ्या असलेल्या त्या माणसाचे काय? तिचे गुपित मी राखले, की त्याची फसवणूक केली? बऱ्याच प्रकरणांचा निकाल माझ्या मनाशी लागलेला आहे. याचा अजून लागत नाही.