जास्तीची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपले आपण रांगेत येऊन उभे राहतात आणि वर विचारतात, "मॅडम, सर्व्हर चालू हाये का?"

खामगावच्या एका कॉलेजात ही खिडकी माझ्याकडे आहे. पैसे आले नाहीत म्हणून भांडणारे रोजचेच. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी मात्र उलटंच झालं. काही मुलांना सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि एका ट्रस्टचीही मिळाली. नियम असा, की एका वर्षी एकच घ्यायची, जास्तीची परत करायची. परत केली नाही तर टीसी अडकते, आणि टीसी नाही तर पुढची ॲडमिशन नाही.

उंद्रीची पल्लवी त्यातच अडकली होती. बीएस्सी झाली, अमरावतीला एमएस्सीला नंबर लागला, आणि टीसी माझ्या कपाटात! तिचं सांगतेच, पण आधी बाकीची मंडळी.

*

पिंपळगाव राजाचा एक मुलगा, अगदी शांत डोक्याचा. मी नियम समजावला, त्यानं सगळा ऐकून घेतला.

"मॅडम, मी दोन फारम भरले, हे खरं. वाटलं, एखादी तरी भेटीन."

"बरोबर आहे."

"दोन्ही त्यायनंच देल्ल्या."

"हो."

"मंग चूक त्यायची अन् बँकेत चकरा माह्या काऊन?"

मी पाणी प्यायले. मग रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.

*

जानेफळच्या एकाला विचारलं, "पैसे कुठं आहेत?" त्यानं खिशातून नवाकोरा मोबाईल काढला आणि खिडकीत ठेवला.

"हे काय! जसेच्या तसे हायेत. घ्या जमा करून."

"अरे, सरकारला पैसे हवेत, मोबाईल नको!"

त्यानं तो पुसून परत खिशात घातला. "मंग सरकारचा नंबर द्या. याच्यावरूनच बोलतो!"

*

एक मुलगी मात्र न बोलावता आली. पैसे तिने खर्चलेच नव्हते. मला इतका आनंद झाला की तिला बसायला खुर्ची दिली. पण ट्रस्टवाले म्हणाले, आम्ही पैसे वाटतो, परत घ्यायची आमच्याकडे सोय नाही. सरकारी ऑफिस म्हणालं, चलन काढा. बँक म्हणाली, चलन चुकलंय. पोरगी उन्हात फिरून फिरून लाल झाली.

शेवटी माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, पैसे घ्याच्या वक्ती एका फारमात काम झालं होतं. वापस कराले त्याच्यापेक्षा जास्त पात्रता लागते!"

*

आमचे प्राचार्य शिस्तीचे. त्यांनी मुलांना हॉलमध्ये बसवून सुनावलं, "हक्काचा नसलेला पैसा एक दिवसही जवळ ठेवू नये. एकरकमी भरा!"

त्याच आठवड्यात वरून त्यांच्याच नावानं पत्र आलं. वेतननिश्चितीत चूक झालेली, सरांना पगार जास्त गेलेला, तो वसूल करायचा. सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं.

"मॅडम, याचे हप्ते पडतात का हो?"

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लागलं, मुलांनाही हप्त्याने भरता येईल! फक्त टीसी हवी असणाऱ्यांना ती सवलत नव्हती.

*

म्हणजे पल्लवीला.

तिचं खातं शाळेत असताना काढलेलं, वडिलांसोबतचं. मेसेज जायचे वडिलांच्या, म्हणजे प्रल्हादभाऊंच्या मोबाईलवर. त्याच्या आदल्या साली सोयाबीन पावसात गेलं होतं आणि सारं गाव विम्याची वाट पाहत होतं. प्रल्हादभाऊंनी पैसे जमा झाल्याचा मेसेज पाहिला आणि पारावर सांगून मोकळे झाले, "विमा आला!" त्याच पैशात बियाणं आणलं, खत आणलं, पेरूनही टाकलं.

गावाचं डोकं फिरलं. "प्रल्हादले आला, मंग आमाले काऊन नाही?" मंडळी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसली. निवेदनात पहिलंच वाक्य लिहिलं, की प्रल्हादभाऊंना विमा मिळाला आहे, तसा आम्हालाही मिळावा. साहेब गडबडले, कागद हलले, आणि खरोखर विमा आला! सगळ्या गावाला आला. फक्त प्रल्हादभाऊंना नाही. त्यांना तो मिळाल्याचं गावानंच लिहून दिलं होतं.

आणि त्याच सुमारास मी पल्लवीला फोन करून सांगितलं, की ते पैसे शिष्यवृत्तीचे होते, परत करावे लागतील.

पल्लवी फोनवर रडली. "मॅडम, पैसे तं वावरात हायेत. सोयाबीन निघेपावतर थांबतीन का ते अमरावतीवाले?"

ते थांबणार नव्हते. मला फार वाईट वाटलं, पण टीसी देणं माझ्या हातात नव्हतं.

ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊ खिडकीशी आले. मागे पल्लवी, आणि तिच्यामागे गावातली चार-पाच मंडळी. त्यातले एक पागोटेवाले आजोबा पुढे झाले आणि रुमालात बांधलेल्या नोटा माझ्यासमोर ठेवल्या.

"बाई, याच्या मेसेजपायी आमचा विमा आला अन् आमच्या कागदापायी याचा बुडला. आमी वर्गणी केली. आमच्या पोरीची टीसी काढा."

मी टीसी आधी काढली, पल्लवीच्या हातात दिली आणि म्हटलं, पळ, अमरावतीची गाडी पकड! ती पळालीच. मग मी नोटा मोजल्या, पावती फाडली. थोडे पैसे उरले.

"भाऊ, हे जास्तीचे झाले. घ्या." मी नोटा खिडकीतून पुढे केल्या.

प्रल्हादभाऊंनी दोन्ही हात झटकन मागे घेतले.

"जास्तीचे नका देऊ, मॅडम! मागच्यातूनच आत्ता सुटलो!"