मालतीबाईंचा टोमणा

बमरोलीच्या या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा घरमालकिणीने आधी पाण्याची मोटर दाखवली, मग मीटर दाखवला, आणि शेवटी समोरच्या दाराकडे बोट करून गुजरातीत हळूच सांगितलं, "ए बेनना मोढे नहीं लागता." म्हणजे त्या बाईंच्या तोंडी लागू नका.

ती बाई म्हणजे मालतीबाई. अमळनेरकडच्या. नवरा सखाराम लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा महेश पलसाण्याला डाईंगमध्ये कामाला, रविवारीसुद्धा कधी ड्युटी असते. घरी सासू आणि सून जयश्री. दोघी साड्यांचं धागा कटिंग करतात. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते कात्रीने कापायचे.

मालतीबाईंचं तोंड खरंच तिखट आहे. भाजीवाल्याला म्हणतात, "भाऊ, ही भेंडी नातवंडांसाठी जपून ठेवली होती का?" मलासुद्धा सोडत नाहीत. "ताई, तुमच्या देवाला ऐकू येतं ना? मग आरती इतकी मोठ्याने कशाला?" तरी दुपारचा नैवेद्य झाला की मी वाती वळायला त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसते. त्यांच्याकडे सावली लवकर येते, हे एक. आणि दुसरं, तिथे मन लपवावं लागत नाही.

जयश्री मोबाईलवर एक खेळ खेळते. माहेरचा भाऊ चेतन कामरेजला असतो, तो आणि आणखी तिघं जिथे असतील तिथून एकाच वेळी त्यात येतात. पाच जणांची टोळी. रविवारी दुपारी जमतात. एका दुपारी ती फोन खाली ठेवून नुसतीच बसली होती. हातातली कात्री चालत नव्हती.

"काय व माय, साडी नजरेने कापतेस का?" मालतीबाई म्हणाल्या.

"चेतन मला मागे टाकतोय, आत्याबाई."

मग तिने सांगितलं. टोळीत तिघं मारणारे. जळगावची अश्विनी जखमा भरणारी. आणि एक जण ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा, त्याला टँक म्हणतात. ती जयश्री. मारणं हे तिचं मुख्य काम नाही. समोरच्या राक्षसाने तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे बघू नये, सगळा मार तिच्यावर यावा, हे तिचं काम. आता त्यांच्यासमोर एक काळा अजगर आहे. कितीतरी रविवार झाले, तो पडत नाही. दर वेळी आधी अश्विनी मरते, मग तिच्यामागून सगळे. चेतनने सकाळी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "ताई, जो ने, बघ, या रविवारी पण अश्विनी गेली तर ढाल दुसऱ्याला देतो. राग नको मानू."

"मग दे म्हणावं. मार खायची एवढी हौस?"

जयश्रीने कात्री बाजूला ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, माहेरी मी लेक, इथे सून, दोन्हीकडे मागेच. तिथे चार जण माझ्या मागून चालतात. मी थांबले की थांबतात."

मला वाटलं मालतीबाई आता काही तरी लागेल असं बोलणार. त्यांनी विचारलं, "त्या अजगराने तुझ्याकडेच बघावं म्हणून तू करतेस काय?"

"एक बटण आहे. ते दाबलं की तो चिडून माझ्या अंगावर येतो. पण एकदा दाबलं की थोडा वेळ ते चालत नाही."

"म्हणजे टोमणा."

"हो," जयश्री हसली. "तेच."

मालतीबाईंनी साड्यांचं एक गाठोडं ओट्याच्या मधोमध सरकवलं. माझ्या ताटलीतून चार वाती उचलल्या आणि एका बाजूला ओळीने मांडल्या. सुनेच्या हातात कात्री दिली. "हा अजगर. या वाती तुझी माणसं. कात्री तू. कुठे उभी राहतेस ते दाखव."

जयश्रीने कात्री वातींच्या पुढे ठेवली, गाठोड्याच्या समोर. "यांना लागू नये म्हणून यांच्या पुढे."

"आणि तरी लागतं."

"तो आग ओकतो ती माझ्यावरून मागे जाते. अश्विनी जळते."

मालतीबाईंनी कात्री उचलली आणि गाठोड्याला वळसा घालून पलीकडे ठेवली. तिथे एकही वात नव्हती. "इथे राहायचं."

"एकटीने?"

"एकटीनेच. तू इथे आलीस की तो इकडे वळणार. मग त्याची पाठ तुझ्या माणसांकडे."

कोणी काही विचारलं नव्हतं. त्या धागे कापता कापता स्वतःच बोलायला लागल्या. आवाज नेहमीचा होता, भाजीवाल्याशी बोलतात तोच.

"महेशचा बाप खात्यातून पिऊन यायचा. हातात येईल ते पोरांवर. आधी मी पण पोरांच्या पुढे जाऊन उभी राहायचे. पण आपण पुढे उभं राहिलं तरी त्याला आपल्यामागे पोरंच दिसतात. माझ्या खांद्यावरून हात जायचा आणि पोराला लागायचंच. मग मी मोरीकडे जायला लागले. तिथून असा एक शब्द टाकायचे, त्याच्या आईवरून, त्याच्या कामावरून, की तो पोरांना विसरायचा. तो माझ्याकडे वळला की थोरली लेक महेशला काखेत घेऊन दाराबाहेर."

जयश्रीने हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी मोरीतच होते ना. धुवायला पाणी तिथेच होतं."

मी हातातली वात वळत होते ती तशीच राहिली.

"आणि तो आल्या आल्या बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे शब्द दारातच संपवले तर जेवणाच्या वेळी काय उरेल? त्याची मान बघत राहायची. मान पोरांकडे वळायला लागली, की तेव्हा टाकायचा."

"मी तर भीतीने पहिल्यालाच दाबून टाकते."

"मी पण टाकायचे. शिकायला वेळ लागतो."

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा भिंतीवरच्या दुर्गेच्या तसबिरीकडे लक्ष गेलं. लग्नात आईने दिलेली तसबीर आहे. आजवर मी तिच्यात देवीचं मुख बघत आले, हातातली शस्त्रं बघत आले. त्या दिवशी महिषासुराचे डोळे बघितले. ते देवीवरच खिळलेले आहेत. जगात दुसरं कोणी असल्याचं त्याला भानच नाही. ज्या बोलण्याला सगळी गल्ली नावं ठेवते ते कशासाठी धारदार झालं, हे मला इतक्या दिवसांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी महेश ड्युटीवर होता. मी जरा लवकरच ओट्यावर गेले. जयश्री भिंतीला टेकून बसली, फोनचा आवाज मोठा ठेवला. मालतीबाई आपल्या साडीत मान घालून होत्या, जसं काही त्यांना घेणं-देणं नाही.

अजगर आला. जयश्री ढाल घेऊन धावली आणि त्याला वळसा घालून पलीकडे गेली. फोनमधून चेतन ओरडला, "ताई, तिकडे कुठे? एकटी पडशील."

"तुम्ही हलू नका. तिथेच राहा."

अजगर वळला. त्याची आग रिकाम्या दगडांवर पडली. मालतीबाईंची कात्री थांबली, पण त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ तसंच चाललं. अश्विनी लांबून जयश्रीच्या जखमा भरत होती, तिघं मागून मारत होते. मग अजगराला जखमा भरणारीचा राग आला असावा. त्याचं डोकं तिच्याकडे फिरू लागलं.

"मान," मालतीबाई म्हणाल्या.

जयश्रीने तेव्हा बटण दाबलं. डोकं परत तिच्याकडे आलं, आणि आलं ते सगळ्या जोराने. ढाल उडाली. पडद्यावरची तिची बाई खाली पडली. पण अजगराचं बळही संपत आलं होतं. बाकीच्यांनी त्याला तिथेच लोळवलं. फोनमध्ये एकच गलका झाला.

मालतीबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "ही आडवी पडली ती कोण?"

"मी."

"आणि तुझी माणसं?"

"उभी आहेत. चारही."

"मग झालं."

चेतन सांगत होता, "ताई, ढाल तुझ्याकडेच राहू दे आता." जयश्री ऐकत होती की नाही कोण जाणे. पडद्यावर अश्विनी धावत तिच्याजवळ आली, वाकली, हात ठेवला. उजेड झाला आणि पडलेली बाई उठून उभी राहिली.

मालतीबाई ते बघत राहिल्या. "असं उठवतात होय," म्हणाल्या. मग साडीची घडी घातली. चहाला उठायचं होतं. त्यांचे गुडघे दुखतात, भिंत धरून उठतात, ते रोजचंच. आज जयश्रीने फोन बाजूला ठेवला आणि त्यांच्यापुढे हात केला.

"मी काय मेले नाही अजून," मालतीबाई म्हणाल्या. आणि तो हात धरून उठल्या.