खांद्यावरची चाबी

कुंदाआत्याचा खांदा कधी दुखतच नव्हता. हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आत्या जाऊन आता दीड महिना होत आला. फोन आला तेव्हा मी रायपूरच्या भनपुरी भागात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या फाटकाला शिडी लावून बोर्डाचं माप घेत होतो. सीमा, माझी बायको, दवाखान्यातून एवढंच म्हणाली, "आत्या गेल्या." न्यूमोनिया होता, डॉक्टरांनी दोन दिवस आधीच कल्पना दिली होती. मी खाली उतरलो, टेप गुंडाळला, आणि हात आपोआप गेला तो शर्टाच्या आत, जानव्याला बांधलेल्या चाबीवर. आता हिचं काय काम, असं मनात आलं… आणि त्या विचाराचीच अशी भीती वाटली की मी पुन्हा शिडी चढलो आणि उरलेलं माप घेत बसलो.

भेटायला माणसं येत राहिली. आत्या इथल्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची, त्यामुळे रायपुरातले निम्मे डॉक्टर तिचे विद्यार्थी. प्रत्येक जण चपला काढता काढता तेच विचारायचा, शेवटी खांद्यानं फार छळलं ना मॅडमना? मी मान हलवायचो. मान हलवणं सोपं असतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्याच घरात वरच्या खोलीत राहिली. ती हाडांचा डबा घेऊन घरी यायची तेव्हा आई म्हणायची, "कुंदाताई, तुमची ती मेलेली माणसं माझ्या लोणच्याच्या बरण्यांपासून लांब ठेवा बरं." आत्या म्हणायची, "वहिनी, ते काही मागत नाहीत, तुमच्या लोणच्याले हातबी लावत नाहीत." माझं अक्षर आणि चित्रं बरी होती, म्हणून वर्गात टांगायचे तक्ते ती माझ्याकडून काढून घ्यायची. मी रंग भरायचो, ती नावं सांगायची. एका जुन्या कोशातून ती स्वतःच लॅटिन शिकली होती, आणि तिला वेड होतं ते दारांचं. तिच्या मते शरीर म्हणजे नुसती दारांची गल्ली. काळजाच्या झडपा म्हणजे 'वाल्वा', दाराची फळी, एकाच बाजूला उघडणारी. यकृतात रक्त शिरतं ती 'पोर्टा', गावाचं फाटक. 'ऑस्टियम' म्हणजे साधं दार. आणि गळ्याखालचं हे आडवं हाड, ज्याला आपण हासळीचं हाड म्हणतो, ते 'क्लाविक्युला'. 'क्लाविस' म्हणजे चाबी, 'क्लाविक्युला' म्हणजे चिमुकली चाबी.

ते नाव मी तक्त्यावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अक्षरांची अदलाबदल केली. आत्या पोट धरून हसली. "अरे पोट्ट्या, 'काल्वा' म्हणजे टक्कल. तू या चाबीले टकली करून टाकलं." मग तिनं माझं बोट माझ्याच हाडावर ठेवलं आणि म्हणाली, "आता हात वर कर. हळू. फिरलं?" खरंच, बोटाखाली ते हाड कुलपातल्या चाबीसारखं जरासं फिरलं. हाच प्रयोग ती दरवर्षी वर्गात करायची, शंभर मुलं एकदम हात वर करायची म्हणे. आणि मेंदूत आत कुठंतरी एक पातळ पडदा असतो, त्याचं नाव 'क्लाउस्ट्रुम', म्हणजे अडसर. ते सांगताना ती ठरलेला विनोद करायची. "चाबी खांद्यावर अन् कुलूप डोक्यात. बनवणाऱ्यानं मस्करीच केली आपली."

मी डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटत होतं. दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटलो. त्या दिवसांत मी घरात टिकायचो नाही, सायकल घेऊन स्टेशनपर्यंत जायचो आणि नुसता बसून राहायचो. वडिलांनी फर्मान काढलं, नऊनंतर आला तर फाटकाला कुलूप. कुलूप ते स्वतः लावायचे आणि चाबी उशाखाली घेऊन झोपायचे. आत्याकडे दुसरी चाबी होती. मी गल्लीत शिरलो की वरची खिडकी उघडायची, रुमालात गुंडाळलेली चाबी खाली यायची, आणि वडिलांना ऐकू गेलं तरी कळू नये म्हणून आत्या हलक्या आवाजात म्हणायची, "क्लाविस." बस, तेवढंच. कुठं गेला होतास, हे तिनं मला कधी विचारलं नाही. एकदाही नाही.

म्हणजे तो शब्द मला कळत नव्हता, असं म्हणायला मला जागाच नाही.

ती रिटायर झाली, आई-वडील गेले, माझा बोर्ड रंगवायचा धंदा फ्लेक्सच्या मशीनवर आला. आत्याचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. चहाला ती 'ते गरम' म्हणायला लागली. मराठी शब्द गेले, मग हिंदी. रोज वर्गात घोकून घेतलेलं लॅटिन मात्र तळाशी तसंच राहिलं. आरशासमोर उभी राहून ती एकेका हाडाला हात लावायची आणि बिनचूक नाव घ्यायची. आम्ही हसायचो, कौतुकानंच. सीमा शाळेत शिकवायला, मी भनपुरीला मशीनवर, म्हणून दिवसभरासाठी दुलारीबाई ठेवली. छत्तीसगढी बाई, हातानं चांगली, तोंडानं त्याहून चांगली. ती आत्याला दाई, म्हणजे आई, म्हणायची आणि आत्या तिला प्रत्येक गोष्टीला "हव" म्हणायची, म्हणजे हो. दुलारीकडून शिकलेला तेवढा एकच शब्द तिच्यापाशी नवा होता.

मग ती एका सकाळी बाहेर पडली. दुलारी कपडे वाळत घालत होती. आत्या ई-रिक्षात बसून थेट पंडरीच्या कापडबाजारात पोचली, का, कशी, देवाला माहीत. तिथं एका दुकानात शिरून तिनं गादीवर बसलेल्या शेठच्या गळ्याखाली बोट ठेवलं आणि त्याला हात वर करायला लावला. त्यानं केला बिचाऱ्यानं. मग नोकरांना, गिऱ्हाइकांना. एका पायात चप्पल, ब्लाउजची बटणं खालीवर, आणि ती वर्ग घेऊन राहिली होती… कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. मी तिला घरी आणायच्या आधी व्हिडिओ आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, ग्रुपवर आला होता. त्यात हसणाऱ्यांचे आवाज आहेत. त्यातला एक मी ओळखला, आमच्याच पाऱ्यातला.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्याच्या जाळीच्या फाटकाला आतून कुलूप घातलं. सगळ्यांना सांगितलं, बाहेर गाड्या किती वाढल्यात, कधी काय होईल. ते खोटं नव्हतं. पण मी कुलूप घातलं ते गाड्यांसाठी नाही. माझी आत्या पुन्हा कोणाच्या मोबाइलमध्ये दिसू नये म्हणून घातलं, आणि तिची नव्हे, माझीच लाज झाकायला घातलं. एक चाबी दुलारीसाठी तांदळाच्या डब्यात, एक माझ्या जानव्याला. दुलारी रोज विचारायची, दाईला नुसतं गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणू का, हात धरून. मी रोज नाही म्हणायचो. पाहुणे यायचे असले की मी आधी कुलूप काढून चपलांच्या कपाटात टाकायचो. ते गेले की परत लावायचो.

थोड्याच दिवसांत आत्या फाटकापाशी जाऊन उभी राहू लागली. एक हात जाळीवर, दुसऱ्या हातानं गळ्याखालचं हाड थोपटायची आणि म्हणायची, "क्लाविक्युला… क्लाविक्युला…" एका संध्याकाळी मी घरात शिरतो तोच दुलारी म्हणाली, "दाई के खांधा पिरावत हे, भैया." म्हणजे खांदा ठणकतो आहे. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, हाड थोपटत होती. मला त्याच क्षणी कळलं होतं. 'चाबी' हा शब्द तिला सापडत नव्हता, म्हणून अंगावर जी एक चाबी होती ती ती दाखवत होती. मी दुलारीला म्हणालो, "असेल. मलम लावून दे."

इतकंच केलं मी. पुढचं आपोआप होत गेलं. आत्याचाच एक विद्यार्थी, आता हाडांचा डॉक्टर, मुद्दाम घरी आला. तो यायच्या आधी मी कुलूप काढून ठेवलं होतं. त्यानं तिचा हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. तिनं पुन्हा हाड थोपटून नाव सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले. "मैडम आज भी लैटिन में ही बता रही हैं, विनू भैया." घरीच मशीन आणवून एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. वय झालं, म्हणाला. मलम, शेक आणि दिवसातून दोनदा मालिश लिहून दिली. दुलारी जीव तोडून मालिश करायची. आत्याचा हात वर उचलायची, आणि मी समोर खुर्चीवर बसून बघायचो. कातडीखाली ते हाड फिरताना दिसायचं. मी पेपर वर धरायचो.

आता हे लिहितानाही मी दोनदा उठून फाटक बघून आलो. उघडंच आहे. कोणी जाणारं नाही, कोणी येणारं नाही, तरी बघून येतो…

एका रविवारी दुपारी सीमा माहेरी गेली होती, दुलारीची सुटी होती. आत्याला खुर्चीत बसवून मी तिची नखं कापत होतो. ऊन होतं, माझी वरची दोन बटणं उघडी होती. आत्यानं मोकळा हात उचलला आणि बोट माझ्या हाडावर ठेवलं. मला वाटलं, आता म्हणेल हात वर कर. पण तिचं बोट तिथून जानव्यावर सरकलं. तिनं दोरा चिमटीत धरला आणि हळूहळू ओढत आणला, विहिरीतून पोहरा ओढावा तसा, जोवर चाबी शर्टाबाहेर आली नाही तोवर. ती तळहातावर घेऊन तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"क्लाविस."

क्लाविक्युला नाही. क्लाविस. त्याच आवाजात, रुमाल खाली टाकताना म्हणायची त्याच हलक्या आवाजात. घरात तिसरं कोणी नव्हतं. फाटक दहा पावलांवर होतं. मी तिचा हात धरून तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेलं असतं तर काय झालं असतं? दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कुठं जायचंय हे मी तिला विचारू शकलो असतो, किंवा तिनं मला कधी विचारलं नाही तसं न विचारताही नेऊ शकलो असतो. मी तिच्या तळहातावरून चाबी उचलली, शर्टात टाकली, दोन्ही बटणं लावली आणि म्हणालो, "काहून आत्या, खांदा लई दुखून राहिला का? मलम लावू?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. वर्गातला एखादा मुलगा उत्तर माहीत असून गप्प बसला की मास्तरांना जसं कळतं, तसं. मग म्हणाली, "हव." आणि मलम लावायला सोपं जावं म्हणून स्वतःच हात वर केला.

मी मलम लावलं.

त्यानंतर ती फाटकाशी गेली नाही. हाडही थोपटलं नाही. सीमा म्हणाली, आराम पडलेला दिसतो आत्यांना. थंडी सुरू झाली, छातीत कफ झाला, आणि मग तो दवाखाना. तिला बाहेर काढायला फाटक उघडलं तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, डोळे मिटलेले.

सुतक फिटल्यावर गुरुजींनी जानवं बदललं. जुन्यावरची चाबी सोडवून मी ती नव्याला बांधली. काहून, ते विचारू नका. कुलूप अजून चपलांच्या कपाटात आहे. बोर्डाचं माप घेताना, शर्ट चढवताना, वरच्या फळीवरचं काही काढताना हात वर जातो आणि ते हाड फिरलेलं मला कळतं. आधी कधी कळायचं नाही. माणूस दिवसातून इतक्या वेळा हात वर करतो, हेसुद्धा मला आताच समजलं.

दुलारी आता मागच्या गल्लीत एका घरी काम करते. परवा भाजीच्या ठेल्यापाशी भेटली. त्या घरच्या म्हातारीला मालिश हवी होती, पण हिनं नाही म्हणून सांगितलं म्हणे, स्वयंपाकच करीन. मी विचारलं, का ग, तुझ्या हाताला तर किती छान सवय होती. ती मेथीची जुडी उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "मोर हाथ म जस नइ रिहिस, भैया. दाई के पीरा नइ हेर सकेंव." तिच्या हाताला यश नव्हतं, दाईचं दुखणं तिला काढता आलं नाही. सांगायला तीन वाक्यं लागली असती. मी ठेलेवाल्याला टमाटरचा भाव विचारला.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. दुलारीला मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. दाईचा खांदा दुखत नव्हता, ती चाबी मागत होती, आणि मला ते कळत होतं. हे दुलारीच्या समोर बसून तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.